सात अष्टमांशांची चोरी

निरीक्षकसाहेबांना आयुष्यातला सर्वांत मोठा धक्का सकाळी नऊ वाजून एक मिनिटाने बसला. खरं तर तो बसायला सुरुवात झाली होती नऊ वाजून साडेसात सेकंदांनीच. पुढची साडेबावन्न सेकंदं तो नुसता वाढत गेला.

निरीक्षकसाहेब म्हणजे वजनमापे खात्याचे निवृत्त निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू उलटेपालटे करून पाहिले. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, तळाशी ठोका मारून उथळ केलेलं लिटरचं माप, दोन्ही टोकांना झिजलेली कापडवाल्याची पट्टी हे सगळं त्यांच्या नजरेतून कधी सुटलं नाही. एका तेलवाल्याने डब्यावर 'कि.ग्रॅ.' ऐवजी नुसतं 'कि.' लिहिलं, म्हणून त्यांनी त्याला नोटीस बजावली होती. "कि. म्हणजे काय? किलोमीटर? तेल काय रस्त्यावर मोजून देता?" असं त्यांनी त्याला सुनावलं होतं, आणि तो प्रसंग ते अजूनही पाहुण्यांना सांगत. पाहुणे तो अजूनही ऐकून घेत.

तर त्या सकाळी मुलीने परदेशातून नातीच्या पहिल्या पावलांची फिल्म पाठवली. फिल्म होती साडेसातशे मेगाची. घरातली इंटरनेटची लाइन नवी, तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली, सेकंदाला शंभर मेगाची. साडेसातशे भागिले शंभर. साहेबांच्या पत्नी, म्हणजे बाई, चष्मा पुसून खुर्चीवर बसल्या, साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "साडेसात सेकंदं. बघ हं."

साडेसात सेकंदं झाली. फिल्म आली नाही. पंधरा झाली, तीस झाली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसत होता: सेकंदाला साडेबारा मेगा. बरोबर साठाव्या सेकंदाला नात पडद्यावर उभी राहिली, दोन पावलं चालली आणि धप्पकन बसली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांच्याही आलं, पण वेगळ्या कारणाने.

"साडेबारा," ते पुटपुटले. "शंभराच्या जागी साडेबारा. अगं, एक अष्टमांश माल!"

"अहो, पण चालली ना ती? बघा तरी!"

"सात अष्टमांश चोरी!" साहेब खुर्चीतून उठले आणि परत बसले. त्यांच्या सबंध नोकरीतला सगळ्यात बेरड माणूस होता एक कोळसेवाला. त्याने पोत्यामागे एक चतुर्थांश खाल्ला होता, आणि पकडल्यावर तो निदान रडला तरी होता. इथे आठातले सात भाग गिळून कंपनी दर महिन्याला शुभेच्छा पाठवत होती.

बातमी जिन्यात फुटायला वेळ लागला नाही, कारण ती साहेबांनी स्वतःच दार उघडून सांगितली. पहिल्यांदा आले सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी खोलीत चौफेर पाहिलं आणि निदान केलं, "राउटर खाली ठेवलाय तुम्ही. उंचावर ठेवा. टाकी गच्चीवर का असते? प्रेशर यायला!" मग आले तळमजल्यावरचे होमिओपॅथ. त्यांनी माशांच्या काचेच्या टाकीकडे बोट दाखवलं. पाणी लहरी शोषून घेतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दुपारपर्यंत राउटर कपाटावर गेला, मासे स्वयंपाकघरात गेले, आणि वेग साडेबाराच राहिला. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी निरोप पाठवला की राउटरला अधूनमधून विश्रांती द्यावी लागते. तीही दिली. विश्रांतीत वेग शून्य होता, एवढंच.

साहेबांनी कंपनीला फोन लावला. फोनवरच्या बाईंनी त्यांची तक्रार कंपनीसाठी फार महत्त्वाची असल्याचं सांगून त्यांना वीस मिनिटं बासरी ऐकवली. दुसऱ्या दिवशी एक लाइनमन आला. उंच, अबोल, खांद्यावर वायरचं भेंडोळं. त्याने स्वतःच्या फोनवर कंपनीचं वेग मोजायचं पान उघडलं. काटा सरसर फिरला आणि शंभरावर थांबला.

"शंभर येतंय, साहेब."

निरीक्षकसाहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्याने फोन खिशात घातला.

"हा काटा कोणाचा?"

"कंपनीचा."

"माल कोणाचा?"

"कंपनीचाच."

"दुकानदाराच्याच काट्यावर दुकानदाराचा माल तोलायचा, आणि गिऱ्हाइकाने मान डोलवायची! हा काटा शेवटचा कधी तपासला? प्रमाणपत्र दाखवा."

लाइनमनकडे प्रमाणपत्र नव्हतं. त्याच्याकडे एक पेचकस आणि घाई होती. तो गेला.

तिसऱ्या दिवशी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या जुन्या ऑफिसात गेले. त्यांच्या खुर्चीत आता त्यांचाच एकेकाळचा मदतनीस बसत होता. साहेबांना पाहताच तो सवयीने उठून उभा राहिला आणि मग आपण आता अधिकारी आहोत हे आठवून अर्धवट बसला. सबंध मुलाखतभर तो तसाच अधांतरी होता.

"साहेब, खरं सांगू का," तो चाचरत म्हणाला, "इंटरनेट आपल्याकडे येत नाही. आपल्याकडे वजन, लांबी, आकारमान."

"वाहतं ना ते तारेतून? मग आकारमान!"

"पण ते पातळ नाही, साहेब."

"घट्ट आहे का?"

"घट्टही नाही."

"मग संख्या! नगावर विकलेला माल. शंभर नग सांगून साडेबारा दिले. अंडी असती तर काय केलं असतंस?"

अंड्यांपुढे मदतनिसाचं काही चालेना. त्याने एकदा छताकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि बारा वर्षांच्या जुन्या भीतीपोटी अर्जावर आवक शिक्का ठोकला. वास्तविक आवक शिक्क्याचा अर्थ इतकाच की कागद आला. पण गोल, निळा, सरकारी शिक्का लांबून पाहणाऱ्याला असलं काही सांगत बसत नाही. अर्जाची एक प्रत त्याच दिवशी कंपनीला गेली.

इथवर साहेबांचं सगळं कायद्याला धरून चाललं होतं. पुढचं मात्र झालं ते पुराव्याच्या काळजीपोटी. आपण तक्रार केल्याचं कळताच कंपनीची माणसं येऊन गुपचूप यंत्र बदलतील, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. धाड पडायच्या आत माप बदलणारे दुकानदार त्यांनी डझनावारी पाहिले होते. सगळ्या इमारतीच्या लाइनी जिन्याखालच्या एका करड्या पेटीतून निघत. ती पेटी गोठवायला हवी होती.

दिवाणखान्याच्या भिंतीवर निवृत्तीच्या समारंभात मिळालेली भेट टांगलेली होती: त्यांचा सील मारायचा जुना चिमटा, पॉलिश करून, लाकडी फळीवर दोन स्क्रूंनी बसवलेला. साहेबांनी स्क्रू काढले.

"अहो, काय करताय?" बाई धसकल्या.

"कर्तव्य," साहेब म्हणाले आणि चिमटा, तार आणि शिशाचा मणी घेऊन जिना उतरले. पेटीच्या कडीत तार ओवली, मणी चढवला, चिमटा दाबला. कट्! पाच वर्षांनी तो आवाज ऐकून त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. चिमट्यावरचा खात्याचा अंक निवृत्तीच्या वेळी घासून टाकला होता, त्यामुळे मण्यावर नुसता खळगा उमटला. पण शिसं ते शिसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला लाइनमन परत आला. शिक्क्याचा अर्ज पाहून कंपनीत धाबं दणाणलं होतं आणि त्याला यंत्र तपासायला पाठवलं होतं. तो जिन्याखाली वाकला, सील पाहिलं आणि विजेचा झटका बसावा तसा मागे सरला. त्याने फोनवर वरच्यांना सांगितलं, "साहेब, पेटीला सरकारी सील आहे." वरच्यांनी आणखी वरच्यांना सांगितलं. सील केलेल्या यंत्रातून माल विकला तर काय होतं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची कोणाची तयारी नव्हती. पाच मिनिटांत त्यांनी सगळ्या इमारतीची लाइन वरूनच तोडली.

प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडलं. जिन्यात माणसं जमली. सेक्रेटरी अर्ध्या दाढीने खाली आले, गालावर साबण तसाच. आणि त्या सगळ्यांना बाजूला सारत चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई उतरल्या. त्या एक्स-रे आणि स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर. लांबलांबच्या लहान हॉस्पिटलांतून त्यांच्याकडे स्कॅन येत आणि त्या घरी बसून निदान कळवत. जिन्यात भेटल्या की हसणाऱ्या. आता त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याचं नाव नव्हतं.

"लाइन कोणी बंद केली? माझा एक स्कॅन अर्ध्यावर अडकलाय. म्हातारी बाई जिन्यावरून पडलीय, डोक्याला मार आहे. तिकडे डॉक्टर हातात फोन धरून उभे आहेत. आत रक्तस्राव असेल तर तिला ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात हलवायला हवं."

"फोनवर घ्या ना," सेक्रेटरी म्हणाले.

"फोनवर बोलणं होतं, पण एवढी फाइल उतरायला या इमारतीत रेंज कुठाय? तासभर लागेल!"

लाइनमनने कानाला लावलेला फोन खाली केला. "वरचे म्हणतात, ज्याने सील लावलं त्याने काढलं तर पुढच्या मिनिटाला लाइन सोडतो. कोणी लावलंय?"

सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. निरीक्षकसाहेब शेवटच्या पायरीवर उभे होते. एकतीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली.

"मी लावलं. काढतो. पण पंचनामा... हा पुरावा आहे, डॉक्टर."

"कशाचा पुरावा, काका?"

"सात अष्टमांश चोरीचा! शंभर मेगा सांगून साडेबारा देतात. तुमचा स्कॅन केवढा असतो?"

"सहाशे मेगाबाइट."

"सहा सेकंदांत यायला हवा! किती लागतात?"

"अठ्ठेचाळीस. रोज. बरोबर अठ्ठेचाळीस." डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो काका, आठाने गुणायचं असतं! आठ बिट म्हणजे एक बाइट. लाइन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये. शंभर मेगाबिट म्हणजेच साडेबारा मेगाबाइट. तुम्हाला पूर्ण माप मिळतंय!"

होमिओपॅथांच्या हातातला कप बशीवर किणकिणला.

"एकाच मालाला दोन मापं?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"आणि दोन्हींचं पहिलं अक्षर एकच?"

"एकच. करारावर छोटा बी असतो, पडद्यावर मोठा बी."

"हे... हे चालवून कोणी घेतलं?"

"सगळ्यांनी! काका, सील!"

साहेबांनी तार तोडण्यासाठी खिसे चाचपले. वरून बाई धावत आल्या आणि त्यांनी भाजी चिरायची कात्री पुढे केली. तार दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तुटली. शिशाचा मणी फरशीवर पडला आणि घरंगळत लाइनमनच्या बुटापाशी थांबला. कोणी उचलला नाही.

डॉक्टरबाई दोन-दोन पायऱ्या चढत वर गेल्या. त्यांच्यामागे सगळी वरात. कोणी आत गेलं नाही. सगळे दाराबाहेर उभे. साहेब भिंतीला टेकून मनातल्या मनात आकडे मोजत होते. अठ्ठेचाळीस झाले. मग आतून फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "हं, आला. थांबा जरा... नाही, रक्तस्राव नाही. हाडही शाबूत. टेंगूळ आहे मोठं. तिथेच ठेवा, रात्रभर लक्ष असू द्या."

जिन्यात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. साहेब पायरीवर बसले. बाई त्यांच्या शेजारी बसल्या, हातात कात्री तशीच.

पुढचे दोन दिवस निरीक्षकसाहेब घराबाहेर पडले नाहीत. दूधवाल्याने विचारलं तर ताप आहे म्हणून सांगायचं, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एका तेलवाल्याला एका ग्रॅमच्या अक्षरावरून उभा-आडवा घेणाऱ्या माणसाला छोटा बी दिसला नव्हता! दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद घेतला. साडेसातशे गुणिले आठ, सहा हजार. भागिले शंभर. साठ. साठ सेकंदं, ना एक कमी, ना एक जास्त.

पेन्सिल त्यांच्या हातातून सुटली. एकतीस वर्षं! एकतीस वर्षांत त्यांना एकही माप असं सापडलं नव्हतं जे काटेकोर बरोबर होतं. चांगल्यातला चांगला दुकानदारही चार-दोन ग्रॅम इकडेतिकडे असायचाच. आणि आयुष्यात पहिल्यांदा बिनचूक माप दारात आलं, तर त्यांनी त्यालाच सील ठोकलं.

त्यांनी तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहिला. शुद्ध, स्वच्छ, 'मेगाबिट' आणि 'मेगाबाइट' प्रत्येक वेळी पूर्ण लिहून. तो टाकायला ते निघणार तोच कंपनीचं पत्र आलं.

पत्रात म्हटलं होतं की चौकशीअंती तक्रार पूर्णपणे रास्त आढळली आहे. ग्राहकाला शंभराऐवजी साडेबाराच मिळत होते याबद्दल कंपनी अत्यंत दिलगीर आहे. आजपासून लाइनचा वेग आठपट करण्यात आला असून, वाढीव आकार घेतला जाणार नाही.

साहेबांचे डोळे पांढरे झाले. त्यांनी पत्र तीनदा वाचलं. "अगं, म्हणजे कंपनीलाही माहीत नाही?"

"घाबरलेल्या माणसाला आठाने भागता येत नाही," बाई म्हणाल्या.

त्या पत्राची बातमी या वेळी साहेबांनी सांगितली नव्हती; ती पत्र उघडायच्या आधीच पसरली असावी. संध्याकाळी दार उघडलं तर बाहेर रांग. दोन दिवसांपूर्वी जिन्यात त्यांच्याकडे पाहून तोंड फिरवणारे सगळे हातात कोरे कागद घेऊन उभे होते. सेक्रेटरी सर्वांत पुढे.

"साहेब, आम्ही तेव्हाच म्हणत होतो, तुमच्यासारखा माणूस उगाच नाही भांडणार! आमचेही अर्ज लिहून द्या. तोच मजकूर. सात अष्टमांश का काय ते."

"अहो, पण चोरी झालीच नव्हती! डॉक्टरांनी सांगितलं ना सगळ्यांसमोर?"

साहेबांनी सगळ्यांना आत बसवलं. आठ पेले मांडले, एक बाटली ठेवली. हा पेला म्हणजे बिट, ही बाटली म्हणजे बाइट. आठही पेले बाटलीत ओतून दाखवले. थोडं पाणी टेबलावर सांडलं तेव्हा "हे हिशेबात नाही," असंही स्पष्ट केलं. सगळ्यांनी अगदी मन लावून ऐकलं. होमिओपॅथांनी तर टिपून घेतलं.

"समजलं?"

"स्वच्छ," सेक्रेटरी म्हणाले. "मग अर्ज कधी लिहून देताय?"

साहेबांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. ही माणसं वाईट नव्हती. त्यांच्या माशांच्या टाकीची, राउटरची, तब्येतीची काळजी करणारीच होती. फक्त आठपट माल समोर दिसत होता. असे चेहरे त्यांनी आजवर फक्त गल्ल्याच्या पलीकडे बसलेले पाहिले होते; अलीकडे उभे असलेले कधी पाहिले नव्हते. हा फुकटचा वेग ठेवून घेतला तर तिसऱ्या दिवशी आपलाही चेहरा असाच होईल, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडताच ते कंपनीच्या ऑफिसात हजर होते. काउंटरवर एक चटपटीत मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, कानाला हेडफोन.

"तक्रार काय, सर?"

"माप बरोबर नाही."

"वेग कमी मिळतोय?"

"जास्त."

मुलीने हेडफोन काढला. "सॉरी, सर?"

"जास्त मिळतोय. आठपट. मला शंभर मेगाबिट कबूल केलेत, तेवढेच द्या."

तिने मागे वळून कोणाला तरी खुणावलं. दोन कर्मचारी उठून आले आणि साहेबांकडे पाहत उभे राहिले. मुलीने पडद्यावरची यादी वाचून दाखवली: वेग कमी आहे, वेग अजिबात नाही, बिल चुकलं आहे, कर्मचारी उद्धट आहे. "जास्त असं कोणी म्हणतच नाही, सर. इतकी वर्षं कोणी म्हटलंच नाही."

"माझ्याही वेळी म्हटलं नव्हतं," साहेब म्हणाले. "आता मी म्हणतोय. लिहा."

"यादीत नाही त्याला काय करू?"

"'इतर' असेल."

'इतर' होतं. पण त्यात कारण भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मुलीची बोटं कळफलकावर थांबली. "कारण काय टाकू? फसवणूक?"

"टाका."

"कोण कोणाला फसवतंय, सर?"

निरीक्षकसाहेबांनी क्षणभर विचार केला. "अजून कोणी कोणाला नाही. म्हणून तर लवकर आलो."

मुलगी हसली नाही. तिने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, एकेक अक्षर टाइप केलं, आणि त्यांना पावती दिली. साहेब ती घेऊन ताठ मानेने घरी आले. दूधवाल्यालाही त्यांनी जिन्यात स्वतःहून हटकलं.

घरात शिरले तर बाई कपाटावरच्या राउटरखाली स्टूल ठेवून उभ्या होत्या. राउटरवर एकच दिवा होता, आणि तोही लाल.

"अहो, पूर्ण बंद पडलंय. आत्ता त्यांचा मेसेज आला: तक्रारीचं निवारण होईपर्यंत लाइन स्थगित."

साहेब टेबलाशी बसले, चष्मा लावला, शास्त्राप्रमाणे मोजायला घेतलं. पाच मिनिटं ते पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी वहीत आकडा लिहिला.

"किती?" बाईंनी स्टुलावरून विचारलं.

"शून्य."

"शून्य काय? बिट की बाइट?"

साहेबांनी पेन्सिल उचलली, पुढे काय लिहायचं म्हणून थांबले, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच खळखळून हसले.

"काहीही घे," ते म्हणाले.